समतेचा दाखला

गोंदिया आणि भंडारा या दोन जिल्ह्यांच्या शिवेवर पसरलेल्या नागझिऱ्याच्या अरण्याभोवती जी खेडी आहेत, त्यांत गोंड, हलबा, गोवारी, ढिवर, पोवार, कुणबी आणि १९५६ नंतर बुद्धाला शरण गेलेली पूर्वाश्रमीची महार कुटुंबे एकाच पावसाकडे डोळे लावून धान पेरीत आली, चैत्रात एकाच रानातला मोह वेचीत आली आणि वैशाखात एकाच रानातला तेंदू तोडीत आली. निसर्गाने त्यांना असे एका पंक्तीला बसविले असले, तरी समाजाने त्यांना तसे कधी बसविले नाही. आणि जे समाजाने केले नाही ते आपण करावे या हेतूने जी राज्यसंस्था स्वातंत्र्यानंतर पुढे सरसावली, तिच्या दप्तरातही ही मंडळी वेगवेगळ्या रकान्यांतच नांदत आहेत. गोंड आणि हलबा अनुसूचित जमातींत, गोवारी विशेष मागास प्रवर्गात, ढिवर भटक्या जमातींत, बौद्ध अनुसूचित जातींत आणि पोवार-कुणबी इतर मागासवर्गात. समता हे ज्या राज्याचे ब्रीद, त्यानेच माणसामाणसांतला भेद मोजावा, तो नोंदवावा आणि त्याचा सही-शिक्क्यानिशी दाखला द्यावा, ही विसंगती आहे की अपरिहार्यता आहे? हा प्रश्न केवळ कायद्याचा असता तर तो वकिलांवर सोपवून स्वस्थ बसता आले असते. परंतु मनुष्य म्हणजे काय आणि त्याचे समत्व कशात आहे, याविषयी काही एक निश्चित मत असल्यावाचून त्याचे उत्तर देता येत नाही, म्हणून तो धर्मचिंतनाचाही प्रश्न आहे.

१९५० हे साल या दृष्टीने मोठे विलक्षण होते. त्या वर्षीच्या जुलैत युनेस्कोने वंशविषयक निवेदन प्रसिद्ध करून, वंशावंशांत बुद्धीचा किंवा शीलाचा उपजत उच्चनीचभाव मानण्यास विज्ञानात आधार नाही, असे जगाला सांगितले. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने लोकसंख्या-नोंदणीचा कायदा करून प्रत्येक माणसाच्या वंशाची सरकारी नोंद सक्तीची केली, आणि संशय आला तर केसांत पेन्सिल खोचून ती घसरते की अडकते यावरून माणसाचा वंश ठरविण्याची अघोरी रीतही तिथे रूढ झाली. आणि त्याच वर्षाच्या ऑगस्ट व सप्टेंबरात भारताच्या राष्ट्रपतींनी अनुसूचित जातींची आणि अनुसूचित जमातींची यादी जाहीर करणारे दोन आदेश काढले. ज्या वर्षी विज्ञानाने माणसाची प्रतवारी नाकारली, त्याच वर्षी दोन देशांनी माणसांच्या याद्या केल्या. एकाचा हेतू भेद चिरंतन करण्याचा होता आणि दुसऱ्याचा तो नाहीसा करण्याचा. पण हत्यार एकच होते, आणि ते म्हणजे नाव, रकाना आणि दाखला. हेतूतले हे अंतर आकाशपाताळाचे आहे हे निर्विवाद. तथापि हत्याराला स्वतःचा एक स्वभाव असतो आणि ते वापरणाऱ्याच्या हेतूपेक्षा अधिक काळ टिकते, ही गोष्ट विसरून चालत नाही.

यावर कोणी म्हणेल की मग याद्याच जाळाव्यात आणि सर्वांना केवळ नागरिक मानावे, म्हणजे भेद आपोआप विरून जाईल. हे म्हणणे ऐकण्यास उदात्त आहे, परंतु इतिहासाची साक्ष त्याच्या विरुद्ध जाते. सर्वांभूती एकच आत्मा आहे असे सांगणारे तत्त्वज्ञान या देशात हजारो वर्षे शिकविले गेले. त्याच्याइतका भेदाचा निःशेष निषेध जगातल्या क्वचितच दुसऱ्या दर्शनाने केला असेल. आणि तरीही ते दर्शन मुखोद्गत असणाऱ्याच्या विहिरीवर महाराला पाणी मिळत नव्हते. परमार्थात सिद्ध झालेला अभेद व्यवहारात उतरविण्याची जबाबदारी कोणावरच टाकलेली नसल्यामुळे तो ग्रंथातच राहिला. विदर्भाच्या भूमीत चक्रधरस्वामींनी वर्णाभिमान झुगारला, पंढरीच्या वाटेवर चोखोबांनी आपली व्यथा मांडली, आणि आमच्या आजोबांच्या पिढीत तुकडोजी महाराजांनी गावोगाव खंजिरी वाजवून सामुदायिक प्रार्थनेत सर्वांना एकत्र बसविले. या सर्वांनी मने नांगरली हे खरे, परंतु नांगरलेल्या जमिनीचा सातबारा कोणाच्या नावे आहे हा प्रश्न मात्र तसाच शिल्लक राहिला. भेद याद्यांनी निर्माण केला नाही. याद्यांच्या आधी तो पूर्ण वाढीला लागलेला होता. काट्याने काटा काढावा तशी ही रीत आहे, आणि काटा पायात रुतलेला असताना काट्यांचाच निषेध करीत बसणे हे ज्याच्या पायात तो नाही त्यालाच परवडते.

म्हणून यादी असावी की नसावी हा खरा वाद नाही. यादीत नाव लागावे यासाठी राज्य नागरिकाला कोणता प्रश्न विचारते, हा खरा वाद आहे. आणि इथेच धर्माचा संबंध येतो. संविधानाखाली निघालेल्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचे लक्षण धर्माशी बांधले. १९५० च्या आदेशाने ते हिंदूंपुरते राखले, १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना त्यात स्थान मिळाले. दरम्यानच्या काळात दीक्षाभूमीवरून परतलेल्या माणसाची जुनी सवलत देव बदलल्यामुळे केंद्राच्या लेखी संपली होती, जणू अस्पृश्यतेचा घाव त्रिशरण म्हणताक्षणी भरून आला! अनुसूचित जमातींना मात्र अशी धर्माची अट घातलेली नाही; गोंड हिंदू असो, ख्रिस्ती असो वा आपल्या फडापेनाला भजणारा असो, तो गोंडच. कागदावर हे तत्त्व स्वच्छ आहे. परंतु १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने माधुरी पाटील प्रकरणात जातपडताळणीची जी पद्धत घालून दिली, तीत समितीचे दक्षता पथक अर्जदाराच्या घरी जाऊन त्याचे दैवत कोणते, लग्न कसे लागते, प्रेताला अग्नी देतात की माती, देवकार्याला कोण येते, अशी पृच्छा करू लागले. म्हणजे ज्या ठिकाणी संविधानाने धर्म विचारला नाही, त्या ठिकाणी तो पंचनाम्याच्या वाटेने परत आला. कोतवाल बुकातील पणजोबाची नोंद सापडली तर ठीक. ती वाळवीने खाल्ली असेल, तर देवालाच साक्षीला बोलवावे लागते.

देवाला साक्षीदार करण्यात दोन दोष आहेत. पहिला हा की त्यामुळे श्रद्धा ही श्रद्धा न राहता पुरावा होते; पूजेचे कर्म चुकले तर देव कोपेल ही भीती जाऊन दाखला नामंजूर होईल ही भीती येते. दुसरा दोष अधिक खोल आहे. माणूस बदलू शकतो, तो शिकतो, वाचतो, नवा विचार स्वीकारतो, हेच तर त्याच्या समत्वाचे गमक. आणि ज्या शाळा, वसतिगृहे आणि नोकऱ्या यांच्या द्वारा राज्य त्याला बदलू पाहते, तेच राज्य उलट बाजूने त्याला विचारते की तू अजून तसाच आहेस ना, नसशील तर तुझा हक्क कसा? देवरीच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या आश्रमशाळेत शिकून पदवीधर झालेल्या मुलाला आपल्या आजीचे विधी तोंडपाठ नसतील, तर तो त्या शिक्षणाचा यशस्वी परिणाम मानावा की त्याच्या गोंडपणाविरुद्धचा पुरावा? २०२३ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही आप्तभावाची कसोटी अंतिम निर्णायक मानू नये असे स्पष्ट केले, हे योग्यच झाले. तथापि कसोटी दुय्यम ठरली, नाहीशी झाली नाही.

यातली खरी खंत अशी की ज्या धर्माला पुराव्याच्या पेटीत कोंबले जाते, त्याच्यापाशी भेदाविषयी सांगण्यासारखे पुष्कळ आहे. सालेकसा तालुक्यातील कचारगडाच्या गुहेत माघी पौर्णिमेला दूरदूरच्या राज्यांतून गोंड बांधव जमतात, ते पारी कुपार लिंगोने आपल्या पूर्वजांना तिथून मुक्त केले या श्रद्धेने. त्या लिंगोने, परंपरा सांगते, गोंडांची विभागणी केली: चार देवांचे, पाच देवांचे, सहा देवांचे, सात देवांचे. एका संख्येच्या देवांना भजणारे ते परस्परांचे भाऊ. म्हणून त्यांच्यात लग्न निषिद्ध, आणि सोयरीक करावयाची ती दुसऱ्या संख्येच्या देवांच्या घराण्याशी. या व्यवस्थेचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. इथे भेद आहे, आणि तो देवांपर्यंत पोहोचलेला आहे. परंतु तो नाते तोडण्यासाठी नसून नाते जोडता यावे यासाठी आहे. जो माझ्याहून वेगळा, त्याच्याच घरी मी मुलगी देईन. जातिव्यवस्थेतही गोत्रे आहेत आणि सगोत्र विवाहाचा निषेध आहे, हे खरे. पण गोत्रांच्या बाहेर जातीची जी तटबंदी आहे ती नेमके उलटे बजावते, की जो वेगळा त्याच्या घरचे पाणीही नको. गोंड समाज या दोषापासून सर्वथा अलिप्त राहिला असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. राजगोंडाचा अभिमान आणि गोंडांचाच भाट असलेल्या परधानाला दिलेली खालची जागा यांची साक्ष त्याविरुद्ध आहे. तरीही तत्त्व म्हणून लिंगोची विभागणी आपल्याला एवढे निश्चित शिकविते की समता म्हणजे सारखेपणा नव्हे. वेगळेपण हा विषमतेचा पाया असतोच असे नाही, तो सोयरिकीचाही असू शकतो.

नागझिऱ्याच्या परिसरात गायी राखणारा गोवारी हे या सर्व प्रश्नाचे जिवंत उदाहरण होय. दिवाळीच्या पाडव्याला गायगोधनात ढाल नाचविणारा हा समाज गोंडांच्या शेजारी, त्यांच्यातच मिसळून राहिला. १९५६ च्या सुधारित यादीत गोंडांच्या पोटभेदांत 'गोंड गोवारी' असे नाव आले; हे नाव आपलेच, असे गोवारी म्हणत राहिले, आणि ते त्यांचे नव्हे, असे सरकार म्हणत राहिले. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी, विधिमंडळाचे अधिवेशन चालू असताना, नागपुरात त्यांचा मोर्चा निघाला, चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसे मरण पावली. त्यांत स्त्रिया आणि मुलेच अधिक होती. त्यानंतर शासनाने विशेष मागास प्रवर्ग निर्माण करून, दोन टक्क्यांच्या त्या आरक्षणात गोवारींना घातले. १४ ऑगस्ट २०१८ रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने निवाडा दिला की गोंड गोवारी नावाची वेगळी जमात १९११ पूर्वीच लोप पावली होती, सबब यादीतले नाव गोवारींचेच. आणि १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवून सांगितले की राष्ट्रपतींच्या यादीतील शब्द जसा आहे तसाच वाचावा, त्याचा अर्थ वाढविण्याचा अधिकार कोणत्याही न्यायालयास नाही. कायद्याच्या दृष्टीने शेवटचा निकाल कदाचित बिनतोड असेल. यादी कोणीही हवी तशी वाकवू लागला तर ती यादीच राहणार नाही. परंतु या साऱ्या प्रवासात गोवारी कोण आहे याची मीमांसा झाली, त्याच्यावर काय गुदरले आणि तो आज कशाला वंचित आहे याची चौकशी शेवटपर्यंत मुख्य विषय झाली नाही. जिवंत माणसाचे भवितव्य एका लुप्त जमातीच्या नावावर टांगलेले राहिले.

माणूस 'कोण आहे' यावर त्याचा हक्क ठरविण्याची ही सवय आपण इंग्रजी अंमलाकडून घेतली. रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याने नाकाच्या मोजमापावरून जातींची उतरंड लावली. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली मध्यप्रांतातील जाती-जमातींचे चार खंड सिद्ध केले, आणि तेच ग्रंथ आजही कोर्टात पुरावा म्हणून उघडले जातात. त्या मोजमापांचा फोलपणा दाखविणाऱ्यांत मराठी विद्वानांचा वाटा मोठा आहे: बर्लिनमध्ये कवट्या मोजून, वंशाप्रमाणे त्यांच्या घडणीत भेद असतो हे आपल्या मार्गदर्शकांचे गृहीत खरे ठरत नाही असा निष्कर्ष १९२८ च्या सुमारास निर्भयपणे मांडणाऱ्या इरावती कर्वे, आणि नासिकामापनाचेच आकडे घेऊन अस्पृश्य हे वेगळ्या वंशाचे नाहीत असे दाखविणारे डॉ. आंबेडकर. याच काळात आणखी एक वाद झाला तो आदिवासींना ठेवावे कुठे याचा. व्हेरिअर एल्विन यांनी १९३९ साली बैगांसाठी एखाद्या राष्ट्रीय उद्यानासारखे राखीव क्षेत्र असावे असे सुचविले, तर डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी आदिवासी म्हणजे मागासलेले हिंदूच, असे प्रतिपादन केले. एकाने त्यांना जपून ठेवावयाचे ठरविले आणि दुसऱ्याने सामावून घ्यावयाचे. त्यांना काय हवे हे विचारण्याची घाई दोघांपैकी कोणालाच नव्हती.

नियतीचा उपरोध असा की उद्यान पुढे झाले, पण माणसासाठी नव्हे. नागझिरा १९७० साली अभयारण्य झाले आणि २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. वन्य प्राण्यांना अभय मिळाले याचा आनंद कोणत्याही सुसंस्कृत मनाला होईल, आणि मलाही तो होतो. परंतु ज्या रानात मालगुजारीच्या काळापासून गावकऱ्यांचे निस्तार हक्क होते, सरपण, गवत, चराई, मोहफुले यांची वहिवाट निस्तार-पत्रकात नोंदलेली होती, त्या रानाच्या सीमेवर एके दिवशी हुकूम आला आणि वहिवाट गुन्हा ठरली. हा हुकूम काढताना कोणी गोंडाचा देव विचारला नव्हता की गोवाऱ्याचे गोत्र विचारले नव्हते. हिरावून घेताना राज्याने सर्वांना समान मानले. प्रश्न सुरू झाले ते परत देण्याची वेळ आली तेव्हा.

ती वेळ २००६ च्या वनहक्क कायद्याने आणली. त्या कायद्याच्या उद्देशिकेत ऐतिहासिक अन्यायाचा उच्चार आहे, आणि मला तो आपल्या संपूर्ण विधिसंग्रहातील अत्यंत प्रामाणिक शब्दांपैकी एक वाटतो. कारण इथे प्रथमच हक्काचा आधार हक्कदाराच्या स्वरूपात नव्हे तर राज्याच्या अपराधात शोधलेला आहे. दावा सिद्ध करताना गावच्या वडीलधाऱ्यांची जबानीही पुरावा म्हणून ग्राह्य आहे. ते सांगतात नांगर कुठे चालत होता, गुरे कुठे चरत होती. देवाला त्यात यावे लागत नाही. पण याच कायद्यात जुनी सवय पुन्हा डोकावलीच: अनुसूचित जमातीच्या माणसाने १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा कब्जा दाखविला की पुरे, आणि इतर परंपरागत वननिवासीने मात्र तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, रहिवास सिद्ध करावा. एकाच धुऱ्याच्या अलीकडे गोंड आणि पलीकडे गोवारी, दोघांनी एकाच साली झाडोरा तोडून बांदी केली, दोघांवर एकाच वनरक्षकाने खटला भरला. आता एकाला २००५ चा पुरावा पुरतो आणि दुसऱ्याला १९३० चा हवा. आदिवासीला झुकते माप देण्यामागचा हेतू मी नाकारीत नाही. परंतु अन्याय एकच असता निवारणाची अट दोन, हे न्यायबुद्धीला पटत नाही.

याच कायद्यात मात्र उत्तराचा मार्गही आहे. सामूहिक वनहक्क व्यक्तीला नव्हे, ग्रामसभेला मिळतो, आणि ग्रामसभेत गावातला प्रत्येक सज्ञान स्त्री-पुरुष बसतो. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाने २००९ साली असा हक्क मिळविला आणि २०११ पासून आपला बांबू आपण विकला. गोंदिया जिल्ह्यातल्याही अनेक ग्रामसभांना असे हक्क मिळाले आहेत. तिथे रान राखावयाचे ते सर्वांनी आणि उत्पन्न वाटावयाचे तेही सर्वांनी, म्हणून रकान्यांची भाषा काहीशी मागे पडते.

यावर गंभीर आक्षेप एकच संभवतो. देव विचारू नये, चालरीत विचारू नये, तर मग खोटे दाखले घेऊन खऱ्या आदिवासीच्या जागा बळकावणाऱ्यांना रोखावे कसे? आक्षेप खरा आहे. अशी लबाडी महाराष्ट्रात पुष्कळ झाली आणि तिने दुर्गमातल्या गोंड-कोलामांच्या मुलांचे नुकसान केले. परंतु लबाडाला देवांची नावे पाठ करणे कठीण नसते. पाठांतराच्या परीक्षेत शहरातला चतुर माणूस उत्तीर्ण होतो आणि अबोल खेडूत नापास होतो. वंचिततेची खूण मात्र पाठ करता येत नाही. जमीन किती, शाळा किती दूर, पिढीत पहिला पदवीधर कोण, रानावरचा हक्क केव्हा गेला, गावाने कसे वागविले, या गोष्टी दप्तरात आणि गावात पडताळता येतात. नोंदीची छाननी कठोरपणे करावी; श्रद्धेची करू नये.

आणि एवढे केल्यावरही राज्याने आपण समता आणली असा गर्व बाळगू नये. १९५४ च्या मे महिन्यात डॉ. आंबेडकर भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक हरले; आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा भंडाऱ्यातच होता. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात आकाशवाणीवरून आपले तत्त्वज्ञान सांगताना, ज्या पुरुषाने संविधानाचा मसुदा घडविला त्यानेच सांगितले की कायद्याला आपण दुय्यम स्थान देतो. स्वातंत्र्य आणि समता यांचे खरे संरक्षण बंधुभाव करतो, आणि हे तत्त्व आपण बुद्धापासून घेतले. कायद्याच्या मर्यादा कायद्याच्या शिल्पकाराइतक्या कोणाला कळणार? राज्य विहीर खुली करू शकते, जमिनीचा पट्टा देऊ शकते, नोकरी देऊ शकते. शेजाऱ्याच्या मनात आदर उत्पन्न करणे त्याच्या कक्षेबाहेर आहे. म्हणून राज्याने जे आपल्या हातचे आहे ते निःशंकपणे करावे आणि जे हातचे नाही त्यात हात घालू नये. माणसाचे देव, त्याचे विधी, त्याचे मृतसंस्कार ही त्याच्या हातची गोष्ट नव्हे.

तात्पर्य, राज्याने याद्या ठेवाव्यात, पण नागरिकाला तू कोणाला भजतोस हे विचारू नये. तुझ्यापासून काय घेतले गेले हे विचारावे आणि ते परत करावे. संसदेने वनहक्क कायद्यातली ७५ वर्षांची अट काढून, एका गावातल्या एका अन्यायाला एकच माप लावावे. उरलेले काम सरकारचे नाही. ते वाचकहो, तुमचे-आमचे आहे, आणि कोणत्याही तहसीलदाराचा दाखला आपल्याला त्यातून सूट देऊ शकत नाही.